एंटरप्राइझ, एकास हजार: सोलापुरातल्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

प्लास्टिक मॉडेलचं किट आलं. पोलर लाइट्स कंपनीची एंटरप्राइझ, प्रमाण एकास हजार. 'स्टार ट्रेक' ही मालिका १९६६ साली दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तिच्यातलं मूळ जहाज. पुढे तबकडी, खाली धड, मागे दोन खांबांवर दोन लांब नळे. जहाजाची ठरलेली लांबी ९४७ फूट, म्हणजे जवळपास २८९ मीटर. किट २९ सेंटिमीटरच्या आसपास. या प्रमाणात हिशेबाला डोकं लावावं लागत नाही. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे जहाजावरचा एक मीटर.

भाग दाबून बसवायचे आहेत, गोंद नसला तरी उभं राहतं. म्हणून हौशी मंडळींत याला पोरांचं किट म्हणतात. म्हणू देत. वायरिंग करताना सतरा वेळा उघडझाक होणार, तेव्हा हेच बरं पडतं.

बेत असा: खिडक्यांत उजेड, तबकडीच्या कडेला लाल-हिरवे दिवे, नळ्यांच्या तोंडाशी फिरते केशरी घुमट. सगळं पाच व्होल्टवर, मोबाइलच्या जुन्या चार्जरवर.

१८ जानेवारी

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलो होतो, होम मैदानावर. भाच्याला पाळण्यात बसायचं होतं, मला फायबरच्या दिव्यांचा स्टॉल शोधायचा होता. बुडाशी एक रंग बदलणारा एलईडी, वर काचेच्या वाटणाऱ्या तारांचा झुपका, टोकं चमकतात, असं शोभेचं झाड. त्या तारा काचेच्या नसतात, अ‍ॅक्रिलिकच्या असतात. व्हर्नियर खिशात होतं. स्टॉलवाल्याने विचित्र पाहिलं, पण मोजू दिलं. अर्ध्या मिलिमीटरची तार. घासाघीस करून एक झाड घेतलं. हीच फायबर मॉडेलवाल्यांच्या दुकानातून मागवली तर मीटरवर पैसे मोजावे लागतात.

भाच्याचा प्रश्न: "मामा, झाड घरी नेऊन मोडणार?" हो.

२६ जानेवारी

सुट्टी. खिडक्या पाडायला घेतल्या.

किटमध्ये खिडक्या म्हणजे निव्वळ डेकल, पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं. उजेड हवा तर भोक हवं. डेकलच्या कागदाची झेरॉक्स काढली, तिच्या पट्ट्या कापून शाळकरी गोंदाच्या कांडीने तबकडीच्या कडेवर चिकटवल्या आणि झेरॉक्सवरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याच्या मधोमध सुईचं टोक टेकवलं. सुईने आधी खळी पाडली नाही तर ड्रिल घसरतं. मग हातात धरायचं बारीक ड्रिल, त्यात सर्किट बोर्डाला लागतं ते अर्ध्या मिलिमीटरचं बिट. ही कार्बाइडची बिटं कडक असतात पण ठिसूळ. जरा तिरपा दाब पडला की टक्. प्लास्टिक मऊ असल्याने जोर लावायचाच नाही, बोटांत नुसतं फिरवत राहायचं. पांढरी बारीक कुरळी लव बाहेर येते, ती येणं थांबली की आरपार.

अर्धा मिलिमीटर म्हणजे जहाजावर अर्धा मीटर. खिडकी म्हणून एकदम बरोबर. एक मिलिमीटरचं बिट मिळायला सोपं आणि मोडतही नाही, पण मग प्रत्येक खिडकी मीटरभराची होते. आणि जहाज तेवढ्या प्रमाणात लहान.

दिवसभरात तबकडीची उजवी बाजू झाली. आमच्या कारखान्यात टॉवेलच्या डिझाइनचा ग्राफ भरताना चौकटीत ठिपके द्यायची सवय आहे, ती कामी आली.

३० जानेवारी

डावी बाजूही झाली. मालिकेच्या चित्रीकरणातल्या मूळ मॉडेलच्या कर्त्यांनी ही मेहनत घेतली नव्हती. १९६४ साली बनवलेलं ते मॉडेल अकरा फुटांहून थोडं लांब. पहिल्या चाचणी भागासाठी (पायलट) आत दिवेच नव्हते, ते नंतर बसवले. दिव्यांच्या वायरी डाव्या अंगाने आत घेतल्या, त्यामुळे ती बाजू कॅमेऱ्याला दाखवायची सोयच उरली नाही. मालिकेत जहाज बहुतेक उजवीकडूनच का दिसतं, त्याचं कारण हे. १९७४ पासून ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन हवाई आणि अंतराळ संग्रहालयाकडे आहे. २०१६ मध्ये पुन्हा नीट करून मांडलं.

मला दोन्ही बाजू लागणार. कपाट खोलीच्या मधल्या भिंतीत आहे, इकडून-तिकडून काच.

४ फेब्रुवारी

साखर पेठेत वाइंडिंगवाल्या अण्णांकडे. मॉडेलला वायर कुठली वापरावी यावर लोक रात्रंदिवस वाद घालतात, आणि सोलापुरात मागाच्या मोटारी रोज जळतात, रोज बांधल्या जातात. एनॅमल चढवलेली तांब्याची तार हवी त्या गेजमध्ये, वजनावर मिळते. छत्तीस गेज घेतलं, जाडी ०.१९ मिलिमीटर. एक मीटर तारेचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या थोडा वर. माझ्या करंटला त्याने काडीचा फरक पडत नाही.

"काय सायेब, कुठली मोटार जळली?"
"मोटार नाही अण्णा, अवकाशयान आहे. दिवे लावायचेत."
"किती एचपीचं?"

पन्नास ग्रॅम तोलून दिली. उरलेली पुढच्या चार प्रकल्पांना पुरेल.

एनॅमलबद्दल एक: काही तारांचं एनॅमल सोल्डरचा डाग देतानाच जळून जातं, काहींचं जात नाही, ब्लेडने खरवडावं लागतं. अण्णांकडची दुसऱ्या जातीची. मोटारीला तेच हवं, तापली तरी वेष्टण टिकलं पाहिजे. टोक खरवडल्यावर मीटर लावून पाहायचं, मगच डाग.

९ फेब्रुवारी

आतून काळा. मॅट काळा स्प्रे, दोन हात. वाळल्यावर वरून पांढरा.

हे का, ते लिहून ठेवतो, कारण भाच्याने विचारलं आणि त्याला तोंडी पटलं नाही. पॉलिस्टायरीन पातळ असलं की उजेड अडवत नाही. आत एलईडी लावला की खिडक्या राहतात बाजूला, अख्खी तबकडी दुधी बल्बसारखी पेटते. काळा थर उजेड अडवतो, त्यावरचा पांढरा आतल्या आत उजेड फिरवतो, म्हणजे थोड्या एलईडीत सगळ्या खिडक्यांपर्यंत पोहोचतो. पांढरा आधी आणि काळा नंतर केला तर उजेड अडेल, पण आत फिरणार नाही.

तबकडीच्या दोन अर्ध्यांचा सांधा ही खरी गळकी जागा. जुन्या प्लास्टिकच्या व्हिजिटिंग कार्डाच्या तीन मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या, काळ्या केल्या, खालच्या अर्ध्याच्या आतल्या कडेला उभ्या चिकटवल्या. वरचा अर्धा त्यांच्यावरून टोपणागत बसतो. तपासणीसाठी वेगळी अंधारी खोली करावी लागली नाही, वीज गेलीच. पॉवर बँकेवर जोडून पाहिलं. सांधा काळा, खिडक्या उजळ, ब्रिजच्या (जहाज चालवतात ती खोली) घुमटाखाली एक बारीक रेघ गळतेय. तिथे एसीवाले वापरतात तो अ‍ॅल्युमिनियमचा टेप.

१५ फेब्रुवारी

दिवे बसवले. खिडक्यांना वॉर्म व्हाइट, ०८०५ मापाचे, म्हणजे साधारण दोन बाय सव्वा मिलिमीटर. थंड निळसर पांढरा मुद्दाम टाळला. त्या काळच्या मॉडेलमध्ये तारेचे बल्ब होते, त्यांचा उजेड पिवळट.

हिशेब पुस्तकी: पाच व्होल्टमधून एलईडीचे तीन गेले, दोन उरले, २२० ओहम लावला की नऊ मिलिअँपिअर.

लावलं, पेटवलं, आणि जहाज चावीचं खेळणं दिसायला लागलं. काही तुटलं नाही, कुठे गळत नाही, जोडणी बरोबर. तरी खेळणं. भाचा मात्र खूश. त्याच्या मते गणपतीच्या मंडळाला लाजवेल अशी लाइटिंग झाली आहे.

विचार करतोय.

१७ फेब्रुवारी

कारण सापडलं असं वाटतं. रात्री होटगी रोडच्या बाजूने गावाबाहेर पडलं की लांबच्या इमारतींच्या खिडक्या दिसतात. तीनशे मीटरची वस्तू पूर्ण नजरेत मावायला आपण तिच्यापासून तेवढंच लांब असावं लागतं, आणि तेवढ्या अंतरावरून कुठलीही खिडकी डोळे दिपवत नाही. डोळा नकळत हा हिशेब करतो. खिडकी झगझगली की तो ठरवतो, वस्तू जवळ आहे; जवळ आहे म्हणजे लहान आहे.

२२० काढून २.२ किलो लावला. करंट नऊवरून एका मिलिअँपिअरवर. दिवसा तर दिवे लागलेत हेही कळत नाही. खोलीतला दिवा अर्धा केला की मात्र जहाज लांब गेल्यासारखं वाटतं.

"मामा, लय बारीक झाली की लाइट. बॅटरी उतरल्यावानी."
"लांबून बघ."
"लांबून तर दिसतच नाय."

शिवाय तिसरा हिस्सा खिडक्या काळ्या रंगाने बुजवल्या. सगळं जहाज एकाच वेळी जागं कसं असेल?

२ मार्च

नळ्यांचे घुमट. इथे जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

मूळ मॉडेलमध्ये घुमटाच्या आत मोटारीवर फिरणारी पाती, मागे नाताळच्या माळेतले लुकलुकणारे बल्ब आणि आरशाचे तुकडे होते. नळ्याचं तोंड माझ्याकडे अंगठ्याच्या जाडीचं, मोटार विसरायची. फिरण्याचा भास दिव्यांनीच द्यायचा. ०६०३ मापाचे सहा केशरी एलईडी गोल बसवले, एक मावळतो तसा पुढचा उगवतो.

अडचण खांबांची. नळा ज्या खांबावर उभा आहे तो पातळ पट्टी आहे, पोकळ नाही. सहा एलईडींना सरळ जोडणीत सात तारा लागतात. चार्लीप्लेक्सिंग केलं तर तीन तारांत सहा एलईडी चालतात: कुठल्याही दोन तारांमध्ये दोन एलईडी उलटसुलट जोडायचे, एक तार धन, एक ऋण, तिसरी सोडून दिलेली. एका क्षणी एकच पेटतो, पण आर्डुइनो नॅनो (दिवे चालवणारा छोटा प्रोग्रामचा बोर्ड) इतक्या वेगाने फिरतो की डोळ्याला एक मावळताना आणि दुसरा उगवताना दिसतो. दोन्ही नळ्यांना तोच सिग्नल. खांबाच्या आतल्या अंगाला ब्लेडच्या पाठीने चर खणली, तीन तारा शेजारी शेजारी निजवल्या, वर पुटी, मग आठशेचा पॉलिशपेपर पाण्यातून. आता चर कुठे होती ते मलाही बोटाने सांगता येत नाही.

सहा एलईडींचं कडं मीच डाग देऊन बनवलं. एलईडी दुहेरी टेपवर उलटे चिकटवले, चिमट्याने फिरवून धन-ऋण जुळवलं, तारेचं टोक आधी कथलात बुडवून घेतलं, मग नुसता स्पर्श. श्वास रोखायचा, कारण सुटलेला ०६०३ फरशीवर पडला की गेला. आरशांच्या जागी साडीवरच्या रुपेरी टिकल्या, चुरगाळून, एलईडींच्या मधे-मधे. घुमट आतून पॉलिशपेपरने धुरकट केला. चिकटवायला सुपर ग्लूच्या जातीतला गोंद चालत नाही. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरं साचतं. फेव्हिकॉल. वाळल्यावर जवळजवळ दिसत नाही आणि पुढे दुरुस्ती निघाली तर सुटतोही.

वेग पहिल्यांदा ठेवला तो पंख्याचा वाटला. कमी करत गेलो. अठरा-वीस मीटर व्यासाची गोष्ट गरगर फिरत नाही.

१६ मार्च

कडेचे दिवे. डावा लाल, उजवा हिरवा, समुद्रातल्या जहाजांना आणि विमानांना असतो तोच नियम. एलईडी तबकडीच्या पोटात, तिथून गड्ड्यातली फायबर कडेपर्यंत. फायबरच्या टोकाजवळ तापलेला सोल्डरिंग गन नेला, टेकवला नाही, की टोक वितळून छत्रीसारखं फुलतं. बाहेरून ती दिव्याची काच होते. इथेही सुपर ग्लू नको, फायबर कडक होऊन वाकवताना तुटते.

खिडक्यांपैकी ज्या ठळक हव्यात त्यांतही फायबर घातली, बाहेर बोटभर लांब सोडून. रंग झाल्यावर कापायची. आत्ता जहाज साळिंदर आहे.

११ एप्रिल

मध्ये कारखान्यात काम होतं. आता रंग.

पारा चाळिशीच्या पुढे. अ‍ॅक्रिलिक एअरब्रशमधून निघून मॉडेलवर पोहोचेपर्यंत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. यावर उपाय पहाट. सहाच्या आत बसायचं, साडेसातला उठायचं. रंगात रिटार्डरचे, म्हणजे वाळणं लांबवणाऱ्या द्रावणाचे थेंब, दाब पंधरा ते अठरा पीएसआय, ब्रश जवळून. दुसरा त्रास सुताच्या लवेचा. पूर्व भागात राहायचं म्हणजे खिडकी उघडी टाकली की बोटभर जागेतही लव येऊन बसते. टॉवेलच्या खोक्याचा बूथ, मागे एक्झॉस्ट, खाली ओलं फडकं. कंप्रेसरच्या आवाजाची तक्रार मात्र कोणी करत नाही. शेजारी माग चालू असतात, त्या खटखटीत माझा कंप्रेसर कोणाला ऐकू जातोय?

रंग राखाडी, किंचित हिरवट झाक. पांढऱ्यात काळा, आणि हिरव्याचा अगदी टिपूस.

थर जमेल तितका पातळ. ०.०५ मिलिमीटरचा थरही जहाजावर पाच सेंटिमीटरचं प्लास्टर होतं.

१९ एप्रिल

तबकडीवरच्या रेषा. हल्ली सगळेच पत्र्यांच्या सांध्यांत काळा रंग भरतात. फोटोत उठून दिसतं, लाइक येतात. मला पटत नाही. ०.३ मिलिमीटरची काळी चर म्हणजे तीस सेंटिमीटरचं गटार, आणि असली गटारं सगळ्या जहाजभर. मूळ मॉडेलच्या तबकडीवर रेषा पेन्सिलने काढलेल्या होत्या, आणि त्या तबकडीचा वरचा पृष्ठभाग आजही जुन्याच रंगात आहे, २०१६ च्या कामातही तो तसाच राखला. मीही पेन्सिलच घेतली. ०.३ ची लीड, जाड कागदाचा मध्याशी टाचणीवर फिरणारा पट्टा, त्याला ठरलेल्या अंतरावर भोकं. भोकात लीड टेकवून तबकडी फिरवायची. वर्तुळं झाली. मग आरे. हात अगदी हलका. दोन फुटांवरून रेषा आहेत की नाहीत याची शंका यावी, एवढ्याच.

२७ एप्रिल

चकचकीत क्लिअर कोट, मग डेकल. खडबडीत पृष्ठभागावर डेकल ठेवलं तर खाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी चमक येते.

पाणी बोअरचं नको. आमच्याकडच्या पाण्याने बादलीला पांढरे डाग पडतात, ते डेकलखाली पडले तर काढणार कसे? बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली. "एनसीसी-१७०१" हा जहाजाचा क्रमांक बसवताना तबकडीच्या उतारावर पहिला '१' आकडा टोकाला उचलत होता. सॉफ्टनर लावून ओल्या कापसाने दाबला, बसला.

३ मे

मॅट कोट. बाहेर आलेल्या फायबर नेलकटरने कापल्या, पृष्ठभागाला अगदी चिकटून. कापलेलं ताजं टोक रंगाशिवायचं असतं, म्हणून उजेड स्वच्छ येतो. बाकीच्या भोकांत टूथपिकने फेव्हिकॉलचा थेंब.

स्टँडची नळी: बिघडलेल्या ट्रान्झिस्टरची एरियल. आतल्या नळ्या पितळेच्या, वर क्रोम, एकात एक बसणाऱ्या. जुन्या बाजारात मिळते. तिच्यातून सहा तारा खाली: घुमटांच्या तीन, कडेचे दिवे लुकलुकवायची एक, पाच व्होल्ट, ग्राउंड. नॅनो खाली लाकडी चौरंगात.

१० मे

अण्णांना दाखवायला बोलावलं, तार त्यांची म्हणून. पंखा बंद, पडदे ओढले. त्यांनी दाराजवळूनच पाहिलं, आत यायला तयार होईनात. मग घुमटाकडे बोट करून, "हे कोणत्या मोटारीवर फिरतंय?"

मोटार नाही म्हटल्यावर मीटर मागून घेतला आणि स्वतः चौरंगाच्या वायरीत लावला. सत्तर मिलिअँपिअर. पाच व्होल्टने गुणलं तर ०.३५ वॅट, त्यातही बराचसा वाटा नॅनोचाच. अण्णांच्या दुकानातली सगळ्यात लहान मोटारसुद्धा याच्या कित्येक पट खाते. "कमी खातंय," म्हणाले, "पण दिसतंय मोठं."

भाच्याचं मत अजून बदललेलं नाही. त्याच्यासाठी त्याच किटचा दुसरा खोका मागवला आहे. रेझिस्टन्सची पिशवी त्याच्या हवाली केली. २२० चे वेगळे काढून घेतलेत त्याने.